पक्क्या पायाची ठमाबाई

भाताच्या रोवणीच्या पहिल्या दिवशी शेतात, बांधीत, पहिलं पाऊल ठमाबाईचं पडायचं. आमच्या गावात हा रिवाजच आहे. चिखलणी झालेल्या बांधीत काय दडलंय ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून दिसत नाही. धुऱ्यावरच्या बाभळीचे काटे असतात, खेकडे असतात, कधी फुटक्या बाटलीचा तुकडा असतो. म्हणून टोळीत जिचे पाय सगळ्यांत पक्के, ती आधी उतरते आणि बाकीच्या बाया तिच्या पावलांवर पाऊल टाकत मागून येतात. पक्के पाय म्हणजे काटा मोडला तरी ज्यांना कळत नाही असे पाय. दहा-पंधरा रोवण्या चिखलात काढल्या की बाईचा तळवा असा पिकतो, असं इथं सगळेच मानतात. नवी सून पहिल्या वर्षी धुऱ्यावर उड्या मारत रडते, बाया हसतात आणि म्हणतात, "कच्ची आहे अजून."

ठमाबाई कच्ची होती तेव्हापासून मी तिला पाहत आलो. चंद्रपूर जिल्ह्यात मूलवरून सिंदेवाहीकडे जाताना आमचं गाव लागतं. मी चाळीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांतून खलनायक केला. दिवाळी झाली की घर सोडायचं, होळीला परत यायचं. नाटकांचा हंगाम सरला की मी गावात आणि गाव शेतात. रोवणीच्या दिवसांत ठमाबाईचं गाणं ऐकायला मी धुऱ्यावर जाऊन बसायचो. ती एक ओळ म्हणायची आणि वाकलेल्या अकरा बाया एका आवाजात म्हणायच्या, "हो!" त्या 'हो'वर अकरा हात चिखलात जायचे आणि अकरा रोपं उभी राहायची. मी मोठमोठ्या गवयांच्या साथीनं उभा राहिलोय, पण तालाची एवढी पक्की बाई पाहिली नाही. ऊन, वारा, पाठदुखी, कशानंही तिचा ठेका हलत नसे.

अंगानं ती काडी. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा घालायची, तर तो खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मुलगी चामोर्शीकडे दिलेली. घरात ती एकटी, पण टोळीतल्या बायांनी तिला कधी एकटं राहू दिलं नाही. त्यातली सुकरी तर तिच्या मागेच असायची. गोंडटोल्यावरची ही पोर तिशीही न गाठलेली, ठमाबाईसारखीच सडपातळ. गाण्यात पहिला 'हो' तिचा.

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस मंजुषा माझ्याकडे आली. मंजुषा आमच्याच गावची. नर्सिंग शिकली आणि नागपूरच्या डॉक्टरांच्या एका संशोधनात कामाला लागली.

"भाऊ, तुमचा आवाज पायजे," ती म्हणाली.

"कोणाचा खून करायचा आहे?"

"खून नाई, रक्त काढायचं आहे. गावातल्या बारीक-बारीक मानसाईचं. उपाशीपोटी."

तिनं मला समजावलं. शुगर म्हणजे जाड्या माणसाचा आजार असं सगळेच धरून चालतात. पण आपल्या भागात हाडं मोजता येतील अशा माणसांनाही शुगर सापडू लागली आहे आणि ती का होते, हे डॉक्टरांनाही नीट ठाऊक नाही. म्हणून बावीस गावांतली बारीक माणसं तपासायची आणि पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवायचं.

मी गावभर ओरडत फिरलो. मुलं माझ्या मागे "खलनायक आला, खलनायक आला" करत आली. ठमाबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती.

"मले कायची शुगर, भाऊ? शुगर शेठजीले होते. माया घरी तर चहातबी साखर मोजून असते."

"तू गेली तर टोळी येईन," मी म्हणालो.

"म्हंजे तुमाले मी नाई पायजे, माया मागच्या बाया पायजे."

"खलनायक आहे मी. खरं बोलतो."

ती हसली आणि आली. आजही वाटतं, त्या दिवशी मी तिच्या अंगणात गेलो नसतो तर? आणि लगेच वाटतं, गेलो नसतो तर कोणाला काय कळलं असतं?

समाजमंदिरात तपासणी होती. आधी उपाशीपोटी रक्त घेतलं, मग प्रत्येकाला पेलाभर साखरेचं पाणी पाजलं, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं होतं. तेवढा वेळ लोकांना बसवून ठेवायचं काम माझं. मी जुन्या गमती सांगत होतो. शुगरनं पायाची जाणीव जाते, म्हणून एकीकडे पडद्याआड मंजुषा एकेकाचे पाय तपासत होती. तिच्याकडे एका दांडीला लावलेला बोटभर नायलॉनचा दोरा होता, मासे धरायच्या गळाला असतो तसा. डोळे मिटायला सांगायचं, दोरा तळव्याला टेकवायचा, वाकेपर्यंत दाबायचा. लागला की समोरच्यानं 'हो' म्हणायचं. एका पायाला दहा जागा.

ठमाबाईची पाळी आली तेव्हा तिनं मला हाक मारली. "भाऊ, इथी बसा. एकटीले हासू येते मले."

मी बाजूला बसलो. तिनं डोळे मिटले. मंजुषाच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. दोरा टेकवायला हात पुढे गेला की त्या किणकिणत.

"हो," ठमाबाई म्हणाली. किणकिण. "हो." किणकिण. "हो."

सहावी जागा झाली आणि मंजुषाचा फोन वाजला. तिनं तो बंद करायला हात उचलला. बांगड्या वाजल्या. दोरा तळव्यापासून हातभर लांब होता.

"हो," ठमाबाई म्हणाली.

मंजुषा फोनकडे पाहत होती, तिला कळलं नाही. मला कळलं. ज्यानं चाळीस वर्षं दुसऱ्याच्या वाक्यावर आपलं वाक्य टाकलं, त्याला हे कळणारच. ती पायानं सांगत नव्हती, कानानं सांगत होती. तिला ठेका सापडला होता आणि त्या ठेक्यावर ती 'हो' टाकत होती, बांधीत टाकायची तसाच.

तिनं एक डोळा किलकिला केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत गंमत नव्हती. रंगमंचावर वाक्य विसरलेला नट समोरच्याकडे जसं पाहतो, तसं तिनं पाहिलं. आणि मी तेच केलं जे आयुष्यभर केलं. समोरच्याला सांभाळून घेतलं.

"मंजुषे, फोन नवऱ्याचा असन तर घे वो," मी म्हणालो. बाया हसल्या. मंजुषा लाजली. पुढच्या जागा पटापट झाल्या आणि कागदावर लिहिलं गेलं, दहापैकी दहा.

ठमाबाई असं का वागली, ते मला लगेच समजलं. पलीकडच्या गावात आठवड्यापूर्वी हीच तपासणी झाली होती. तिथं एका बाईला दोरा लागला नाही, आणि संशोधनातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला यंदा चिखलात उतरू नको म्हणून सांगितलं. ही बातमी दोऱ्याच्या आधी आमच्या गावात पोचली होती.

ठमाबाईची दोन तासांनंतरची शुगर तीनशेच्या वर निघाली. डॉक्टरीणबाई तरुण, शांत बोलणाऱ्या. त्यांनी ठमाबाईला विचारलं, लहानपणी पोटभर मिळायचं का?

"मोहफुलं शिजवून खाल्ली, बाई. कधी तेबी नाई."

"लहानपणी उपास घडले की शरीरातली शुगर सांभाळणारी ग्रंथी पुरती वाढत नसावी, असं आम्हाला वाटतं. खात्री नाही. म्हणूनच तुमच्यासारख्यांना विचारत फिरतो आहोत."

"म्हंजे तेव्हाची भूक अजून गेली नाई म्हना ना माया पोटातून."

डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी गोळ्या दिल्या, पुढे कदाचित इन्सुलिन लागेल म्हणून सांगितलं, आणि कागद पाहून म्हणाल्या, "पाय चांगले आहेत तुमचे. रोवणी करा, पण रोज रात्री तळवे पाहत जा."

बाहेर आल्यावर सुकरी तिच्या गळ्यात पडली. "काकू, तुये पाय तर डॉक्टरनंबी पास केले!" आणि मग अभिमानानं म्हणाली, "मायेबी पाय पक्के होऊन राह्यले आता. परवा खिळा रुतला, मले घरी गेल्यावर दिसला." ती सकाळी सरपणाला गेली होती आणि आत्ताच परतली होती, म्हणून तिची तपासणी राहिली होती. मी ते वाक्य ऐकलं आणि विसरलो. माझं लक्ष ठमाबाईच्या पायांवर होतं.

त्या दिवसापासून मला भीतीनं धरलं. माणूस भ्यायला की हसरा होतो, हे मी रंगमंचावर शिकलो होतो. मी सगळ्यांशी फार हसून बोलू लागलो. पण घरी आलो की वारलू आठवायचा.

वारलू आमच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचा. त्याला शुगर होती. एका हंगामात त्यानं नवे बूट घेतले. टाचेला फोड आला, त्याला कळलाच नाही. पायानं ऑर्गनचा भाता हलवत तो रोज वाजवत राहिला. एकदा आमच्या तंबूत वास येऊ लागला. आम्ही मेलेला उंदीर शोधला. पेट्या हलवल्या, सतरंज्या झटकल्या. वारलूही आमच्याबरोबर शोधत होता. उंदीर सापडला नाही. मग त्यानं बूट काढला. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. पुढच्या दिवाळीला नाटकं सुरू झाली तेव्हा वारलू नव्हता.

आषाढात पऱ्हे, म्हणजे रोवायची रोपं, तयार झाले. पहिल्या दिवशी ठमाबाई बांधीत उतरली आणि मी धुऱ्यावर उभा होतो. तिचं पाऊल चिखलात गेलं. तिनं गाणं सुरू केलं.

"पेंडी सोड गं सोड, हात पुढं ओढ..."

"हो!"

मी रोज जाऊ लागलो. कधी पान द्यायच्या निमित्तानं, कधी उगाच. दुपारी बाया भाकर खायला धुऱ्यावर आल्या की मी तिच्या पायांकडे पाहायचो. चिखलानं माखलेल्या पायात काय दिसणार? मी म्हणायचो, "धू ना पाय." ती म्हणायची, "पुन्हा चिखलातच जायचं आहे, कायले धुवू?"

नवव्या दिवशी ती पाण्याच्या पाटाजवळ बसली होती आणि पाय पाण्यात होते. पाटाच्या गढूळ पाण्यात एक बारीक लाल रेघ पुढे सरकताना मला दिसली. आधी वाटलं, लुगड्याचा रंग असेल. पण लुगडं हिरवं होतं.

"ठमा, पाय वर घे."

तिनं माझा आवाज ऐकला आणि पाय वर घेतला. अंगठ्याच्या मागे, मांसल भागात, बाभळीचा काटा खोल जाऊन मोडलेला होता. तो आजचा नव्हता. भोवतीची कातडी पांढरी पडून सुटली होती आणि मधोमध काळपट झालं होतं. ती त्याच्याकडे दुसऱ्या कोणाच्या पायाकडे पाहावं तशी पाहत होती.

"दुखत नाई, भाऊ," ती म्हणाली. मला धीर द्यायला म्हणाली.

"तुले दोरा लागला नव्हता."

"तुमाले माहीत होतं."

"काऊन केलं असं?"

तिनं काटा ओढून काढला. तोंडावर काही उमटलं नाही. "तीस वर्सं मी पुढं उतरली, भाऊ. मी काठावर बसली तर पुढं कोन उतरन? सुकरी उतरन. लेकरू आहे तिचं दोन वर्साचं." मग हळूच म्हणाली, "चार दिवस राह्यले. चार दिवस कोनाले सांगू नका. तुमी एकदा झाकलंच ना."

मी हो म्हणालो.

तो 'हो' माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत वाईट वाक्य. घरी आलो, न जेवताच आडवा झालो. सकाळी उठलो तेव्हा आमच्या ओसरीवर वास येत होता. मी खाटेखाली वाकून पाहिलं. सतरंजी झटकली. उंदीर शोधत होतो. मग ध्यानात आलं की वास नाहीच आहे, आणि तसाच चपला न घालता मंजुषाच्या घरी गेलो.

सगळं सांगितलं. मंजुषा रागावली नाही. ती कागदावर लिहिलेल्या त्या दहाकडे पाहत राहिली. "माझ्याच बांगड्या," ती म्हणाली.

"बांगड्या काढ," मी म्हणालो. "आणि ठेका मोड. ती तालाची बाई आहे. बेताल टेकव. मधे थांब. एकदा नुसती बस."

आम्ही बांधीवर गेलो. बाया वाकलेल्या होत्या. मला मंजुषाबरोबर पाहिलं आणि ठमाबाईचं गाणं ओळीच्या मधेच तुटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. अकरा बायांचे हात हवेत राहिले.

ती बाहेर आली. धुऱ्यावर बसली, पाटाच्या पाण्यानं पाय धुतले आणि डोळे मिटले. मंजुषाचे हात मोकळे होते. तिनं दोरा टेकवला. दोरा वाकला.

काही नाही.

दुसऱ्या जागी टेकवला. ठमाबाईची मान किंचित तिरकी झाली, कान पुढे आला. ती ठेका शोधत होती. मंजुषा थांबली. वाऱ्यानं पऱ्हे सळसळले.

"हो," ठमाबाई म्हणाली. तेव्हा दोरा कुठंच टेकलेला नव्हता.

मंजुषानं पुन्हा टेकवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. अकरा बाया गुडघाभर चिखलात उभ्या राहून पाहत होत्या. तळवा संपला, टाच आली, आणि तिथं एकदा, खरोखरचा, बारीक "हो" आला. मग पुन्हा काही नाही. ठमाबाईच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी येऊ लागलं. "झालं का वो?" तिनं विचारलं. "सुरू केलं का अजून?"

"झालं, मावशी," मंजुषा म्हणाली. "कधीचं झालं."

त्याच दुपारी तिला चंद्रपूरला नेलं. हाडापर्यंत पू गेला होता. डॉक्टर म्हणाले, पाऊल राहील की नाही ते दोन दिवसांनी सांगू. ते दोन दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलो. ठमाबाई माझ्याशी बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती एवढंच म्हणाली, "भाऊ, मले पायाचं भेव नाई. मले याचं भेव की मी इतके दिवस त्याले पक्कं म्हनत होती."

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाऊल राहिलं. इन्सुलिन सुरू झालं. ती परत आली तेव्हा रोवणी संपली होती. तिच्या नसण्यानं शेवटच्या दोन बांध्यांतल्या ओळी वाकड्या आल्या होत्या. ती धुऱ्यावर काठी टेकून उभी राहिली आणि बराच वेळ त्या ओळींकडे पाहत होती.

"पुढं कोन उतरली होती?" तिनं विचारलं.

"मी," सुकरी म्हणाली. "काकू, काईच टोचलं नाई मले."

मला तिचं ते समाजमंदिराबाहेरचं वाक्य आठवलं. ठमाबाईला बहुधा माझ्या आधीच आठवलं होतं. ती सुकरीकडे पाहत राहिली, पदराआडून दिसणाऱ्या तिच्या गळ्याच्या हाडांकडे, काडीसारख्या हातांकडे. मग म्हणाली, "बस इथी."

मंजुषानं ठमाबाईला एक जुना दोरा दिलेला होता, टोळीतल्या बायांना दाखवून समजावण्यासाठी. तो तिनं सदऱ्याच्या खिशातून काढला. सुकरी हसत धुऱ्यावर बसली आणि पाय पुढे केला. तळवा टणक, भेगाळलेला, टाचेशी खिळ्याचा जुना वण.

"डोळे मिट. लागलं की हो म्हन."

"गान्यासारखं?"

"गान्यासारखं नाई," ठमाबाई म्हणाली. तिनं हातातल्या दोन्ही बांगड्या उतरवून माझ्याकडे दिल्या. त्या धरताना माझ्या हातात वाजू नयेत म्हणून मी मूठ आवळली.

दोरा सुकरीच्या तळव्याला टेकला आणि वाकला. ठमाबाईनं तो उचलला, थांबली, पुन्हा टेकवला. पुन्हा वाकला. सुकरी डोळे मिटून हसत होती.

"काकू," ती म्हणाली, "कर ना सुरू."